वाचवले किती, ते विचारा

गिरगावात कोणाच्या घरी नवी वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला असे: "केवढ्याला?" आकडा कळला की पुढचा शब्दही ठरलेला: "फसलात." मग हीच वस्तू भुलेश्वरला, लोहार चाळीत किंवा मनीष मार्केटात निम्म्या भावाने कशी मिळते, याचं सविस्तर निवेदन होई. निवेदन करणाऱ्याने ती वस्तू जन्मात घेतलेली नसे, पण भाव मात्र त्याला पाठ असे.

हल्ली हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारायच्या आधीच उत्तर येतं, आणि तेही भलत्याच प्रश्नाचं. आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका खोक्याची चिकटपट्टी सोलता सोलताच जाहीर करतात, "चार हजार तीनशे वाचवले!" खोक्यात काय आहे आणि त्याला किती पडले, हे मागाहून, आग्रह केला तर. परवा मिक्सर निघाला. छापील किंमत ६,४९९ रुपये, काकांना मिळाला २,१९९ ला. घरात आधीचे दोन मिक्सर चालू स्थितीत आहेत, असं काकूंनी सांगून पाहिलं. काकांचं म्हणणं, ते दोन आपण पूर्ण किमतीला घेतले होते, त्यांच्यात आपलं काहीच वाचलेलं नाही.

काका पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबाला चोख. वाचवलेल्या रकमांची त्यांनी वेगळी वही घातली आहे. त्या वहीप्रमाणे गेल्या वर्षात त्यांनी पेन्शनपेक्षा जास्त पैसे वाचवले. बँकेतली शिल्लक मात्र वहीशी जुळत नाही. काकांचा संशय बँकेवर आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एमआरपी नावाचा आकडा आहे, आणि त्याचा जन्म अगदी सद्हेतूने झालेला आहे. पॅकबंद मालावर किंमत छापायचे नियम १९७७ साली आले, पण त्यात 'स्थानिक कर वेगळे' असं छापायची मुभा होती. स्थानिक कर नेमके किती, हे त्या दिवशीच्या गल्ल्यावर आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर अवलंबून असे. १९९० मध्ये ही पळवाट बुजवली आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जास्त पैसे उकळणारा दुकानदार होता. आपण कसे कमी घेतो आहोत हे ओरडून सांगत उकळणारा दुकानदार त्यांना सुचला नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांचा दुकानदार गिरगावातला असावा, आणि गिरगावातल्या दुकानदाराला ओरडायचा कंटाळा होता. त्याच्याकडे 'एकच भाव' अशी पाटी असे आणि पाटीखाली तो स्वतः पेपर वाचत बसलेला असे. "काही कमी होईल का?" असं विचारलं तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणे, "नका घेऊ." विक्रीचं तंत्र म्हणून याचा अभ्यास व्हायला हवा होता.

तर नियम असा झाला की छापल्यापेक्षा एक पैसा जास्त घेतला तर गुन्हा. पण छापायचं किती? काही औषधांसारखे अपवाद सोडले तर ते छापणाऱ्याने ठरवायचं. मग दोनशेच्या वस्तूवर ९९९ छापा, ७० टक्के सूट द्या आणि २९९ ला विका. गिऱ्हाईक खूश, विकणारा खूश, पाकिटावरचा आकडाही जागच्या जागी. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालाचीही एमआरपी पडद्यावर दाखवणं बंधनकारक झालं. व्यापाऱ्यांनी इतक्या आनंदाने पाळलेला दुसरा नियम माझ्या ऐकिवात नाही. ते नुसती दाखवत नाहीत, तिच्यावर आडवी रेघ मारून दाखवतात. युरोपीय संघात मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमतही सांगावी लागते. हा नियम उद्या दादरला लावला तर रानडे रोडवर पाट्या उतरवायला शिड्या कमी पडतील.

पाट्या आमच्याकडेही होत्याच, नाही असं नाही. पण स्वस्ताला कारण लागायचं. परळ-लालबागच्या जुन्या मंडळींना गिरणीच्या दुकानातले 'सेकंड' आठवतील. ताग्याला कुठे तेलाचा डाग, कुठे विणीत खोट. डाग दाखवायचे आणि मगच स्वस्त द्यायचे. तो डाग चादरीच्या कोणत्या कोपऱ्यात घालायचा, म्हणजे पाहुण्यांना दिसणार नाही, ही पुढची कला घरोघरी होती. दादरच्या मंडईत रात्री पालक स्वस्त, कारण सकाळी तो पालक म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहणार नाही. आषाढात सेल, कारण बाहेर पाऊस, लग्नाचे मुहूर्त संपलेले आणि दुकानात फक्त सेल्समन. एखादं दुकान 'बंद करणे आहे' म्हणून सेल लावी आणि पुढली अनेक वर्षं निष्ठेने बंद करत राही, पण निदान कारण तरी देई. कारण सापडलं नाही तर आमची आजी वस्तू खाली ठेवायची. "एवढं स्वस्त का देतोय मेला?" हा तिचा बाजारातला पहिला प्रश्न असे.

बिनकारणाची सूट मुंबईने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती, माझ्या मते, २६ जानेवारी २००६ ला. बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला. स्वस्त का? तर प्रजासत्ताक दिन आहे म्हणून. राज्यघटना लागू होण्याचा आणि बादल्यांचा भाव उतरण्याचा संबंध कोणी विचारला नाही, इतकी गर्दी झाली की पोलिसांना ती आवरावी लागली. लोअर परळचं बिग बझार फिनिक्स मिलच्या आवारात होतं. १९०५ ची ती कापडगिरणी. जिथे बापाने कापड काढलं तिथे मुलगा बाहेरगावची चादर घ्यायला रांगेत उभा राहिला, आणि चादरीवर डाग नव्हता तरी ती स्वस्त होती. बिग बझार २०२२ मध्ये मिटलं. सवय राहिली.

मग ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा 'बिग बिलियन डे' झाला. साइट कोलमडली, माल संपला, ऑर्डरी रद्द झाल्या, काही किमती बघता बघता बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघा संस्थापकांनी ग्राहकांची लेखी माफी मागितली. दुकानदार लेखी माफी मागतो हे दृश्य गिरगावकरांना इतकं नवं होतं की त्या धक्क्यात ते पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच गेले.

या साऱ्यात घासाघीस गेली, याचं मला खरं वाईट वाटतं. दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर पर्सचा भाव चारशे सांगितला जाई. आपण दीडशे म्हणायचं. तो कपाळाला हात लावी, आपण निघायचं. निघण्यातच सगळं कौशल्य. झपझप गेलात तर गर्दीत त्याची हाक ऐकू येणार नाही. रेंगाळलात तर नाटक उघडं पडणार. शेजारच्या पर्सवाल्याच्या दिशेने साधारण तीन-चार पावलं, मान किंचित ताठ. हाक यायचीच. चारशे खोटे आहेत हे त्याला आणि आपल्याला माहीत, दीडशेही खोटे आहेत हे दोघांना माहीत, आणि दोनशेवर दोघेही तोटा झाल्याचा चेहरा करून वेगळे होत. खोटं होतं, पण त्यात दोघांना काम होतं.

आता दोन्ही बाजू मशीनच बोलतं. तेच तीन हजार सांगतं, तेच कपाळाला हात लावतं, तेच नऊशेवर येतं. आपल्याकडे फक्त जिंकल्याचा आनंद ठेवला आहे. निघून जायची सोयही त्याने आपल्याकडे ठेवली आहे म्हणा. वस्तू टोपलीत टाकून ॲप बंद करून बघा. रात्री साडेअकराला हाक येते: 'तुमची कार्ट तुमची वाट बघतेय.' सकाळी: 'अजून विचार करताय?' दुपारी पन्नास रुपयांचं कूपन. दादरचा फेरीवाला निदान चर्नी रोडपर्यंत पाठलाग करत नसे.

घाई करायला लावण्याची या ॲपवाल्यांची एक युक्ती मात्र गिरगावात चालत नाही. 'ही वस्तू सध्या १४ जण बघत आहेत' असा लाल अक्षरांतला मजकूर येतो, तेव्हा बाकीच्या शहरात लोकांचं म्हणे धाबं दणाणतं. आम्ही चाळीत वाढलो. आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू चौदा जण बघतच असत, जिन्यापासून दारापर्यंत, आणि हात लावूनही बघत. 'फक्त २ शिल्लक' यानेही आम्ही हलत नाही; दोनच उरल्या याचा अर्थ बाकीच्यांना चांगल्या चांगल्या मिळाल्या आणि या कोणी घेतल्या नाहीत, असा सरळ निष्कर्ष आमच्या काकू काढतात.

काकूंचा पराभव फुकट डिलिव्हरीने केला. १९९ च्या वर ऑर्डर असेल तर डिलिव्हरी फुकट, आणि काकूंचं सामान होतं १६० चं. डिलिव्हरीचे पंचवीस रुपये देणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. म्हणून पंचेचाळीस रुपयांची साबणदाणी. या धोरणाने त्यांच्याकडे आता इतक्या साबणदाण्या जमल्या आहेत की हळदीकुंकवाचं वाण काय लुटायचं हा प्रश्न पुढची काही वर्षं सुटलेला आहे.

आणि साबणदाणी घेऊनही शेवटच्या पानावर आकडा वेगळाच. प्लॅटफॉर्म फी. हा शब्द मुंबईत वाढलेल्या माणसाला ओळखीचा आहे, प्लॅटफॉर्मचं तिकीट आम्ही काढत आलोच. २०२३ साली जेवण पोचवणाऱ्या दोन बड्या कंपन्यांनी ती दोन-दोन रुपयांनी सुरू केली. पुढच्या दिवाळीपर्यंत दहा झाली. मग हँडलिंग, मग 'छोटी ऑर्डर' म्हणून काही, मग पाऊस. पावसाचा आकार मुंबईत लावणं म्हणजे चार महिन्यांची पक्की नोकरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एक बिल गाजलं, त्यात 'ऑफर हँडलिंग फी' असा रकाना होता. म्हणजे सूट दिली, आणि ती सूट उचलून इकडून तिकडे ठेवायला जो त्रास झाला त्याचे पैसे लावले. घरपोच रोख पैसे देणाऱ्याला जादा आकार लावण्याची चौकशी सुरू केल्याचं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी त्याच महिन्यात सांगितलं. रोख पैसे दिले म्हणून दंड, ही कल्पना ऐकून आमच्या कोपऱ्यावरचा वाणी बराच वेळ गप्प होता. उधारीवाल्यांची वही त्याच्यासमोर उघडी होती.

टोपलीत न मागता एखादी वस्तू सरकवायचीही पद्धत आहे. एक रुपया देणगी, एकोणीस रुपयांचा विमा, आधीच खूण केलेली. लालबागकरांना हे नवल वाटू नये. न मागता खर्चात पडणारी वर्गणी त्यांना ठाऊक आहे. पण मंडळाची मुलं पाच मजले चढून येतात, पावती फाडतात, त्यावर अध्यक्षांची सही असते आणि दहा दिवस लाउडस्पीकर ऐकायला मिळतो. इथे पावतीसुद्धा आपणच डाउनलोड करायची.

अशा युक्त्यांना सरकारने नावं दिली आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार मोजून दिले आहेत: खोटी घाई, टोपलीत सरकवणं, थेंबाथेंबाने किंमत वाढवणं, वगैरे. एक प्रकार गिऱ्हाइकाला लाजवण्याचा आहे. सूट नाकारायची असेल तर जे बटण दाबायचं त्यावर लिहिलेलं असतं: 'नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतं.' दादरच्या साड्यांच्या दुकानात हे काम बटणाविना होत असे. सेल्समन गादीवरून आपल्याकडे एकदा नीट बघायचा आणि आतल्या पोऱ्याला सांगायचा, "अरे, यांना ते खालचं दाखव." माणूस त्या अपमानावर हजार रुपये जास्त खर्च करून बाहेर पडायचा.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं, तुमचं तुम्हीच तीन महिन्यांत तपासा. नोव्हेंबरपर्यंत २६ बड्या कंपन्यांनी तपासून लिहून दिलं की आमच्याकडे डार्क पॅटर्न अजिबात नाहीत. पेपर आपणच लिहायचा, आपणच तपासायचा आणि पहिला नंबर आपणच काढायचा, ही सोय आमच्या चिकित्सक समूहाच्या शाळेत असती तर आज मी कुठल्या कुठे असतो.

सूट न देता स्वस्त विकणारेही या भागात होऊन गेले, आहेतही. नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सहकारी भांडार काढलं, त्याचा पुढे 'अपना बाजार' झाला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली: महिन्याची यादी द्यायची, घाऊक भावाने आलेला माल गटाने वाटून घ्यायचा. तिथे रेघ मारलेली किंमत नव्हती, उलटं घड्याळ नव्हतं. पण यादी वेळेवर द्यावी लागे आणि वाटपाला स्वतः जावं लागे. वाटपाच्या दिवशी शेजारणीच्या पिशवीत डालडा किती हेही दिसे. अशा व्यवहारात 'वाचवले' म्हणायला काही उरत नाही, फक्त पैसे उरतात.

मशीनला एकदाच कोणी नमवल्याचं मला ठाऊक आहे, आणि तो मान एका आईचा आहे. मे २०२४ मधली गोष्ट. ब्लिंकिट या घरपोच किराणा ॲपवर भाजीबरोबर कोथिंबिरीचे वेगळे पैसे मोजावे लागतात हे बघून मुंबईतल्या एका आईला धक्का बसला. मुलाने ते जाहीरपणे लिहिलं आणि ठरावीक भाजीवर कोथिंबीर फुकट द्यावी ही आईची सूचनाही कळवली. कंपनीच्या प्रमुखांनी ती मानली आणि थोड्याच वेळात फुकट कोथिंबीर सुरू झाली. तेरा कलमांनी जे साधलं नाही ते एका जुडीने साधलं. माझी खात्री आहे, त्या माउलीने कढीपत्त्याचंही सुचवलं असणार, मुलाला लिहायचं राहिलं.

विकणाऱ्याची बाजू मला कळली ती दादरच्या हिंदमाताला. तिथल्या एका साड्यांच्या दुकानाचे मालक गेली काही वर्षं ऑनलाइनही विकतात. दुकानात जी साडी साडेसहाशेला, तीच तिकडे ८९९ ला. मी कारण विचारलं, तर त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. कंपनीचं कमिशन. पाठवणी. खोकं. आपली साडी यादीत वर दिसावी म्हणून जाहिरात, नाहीतर ती चाळिसाव्या पानावर जाते आणि तिथे देवसुद्धा फिरकत नाही. शिवाय आरटीओ. आरटीओ म्हटलं की मला ताडदेवच आठवतं, पण या धंद्यात गिऱ्हाइकाच्या हाती न पडता परत आलेल्या पार्सलला आरटीओ म्हणतात. हाती पडलेलीही परत येतातच: बायका चार रंग मागवतात, एक ठेवतात, तीन परत येतात. एखादी नेसून, फोटो काढून, अत्तराच्या वासासकट येते.

"मग २,९९९ छापायचं कारण काय?"

"पहिल्यांदा मी सरळ ९९९ लिहिलं होतं," ते म्हणाले. "दहा टक्के सूट, ८९९. महिनाभर एक साडी गेली नाही. शेजारच्याने सांगितलं, खुळा आहेस का? मग २,९९९ लिहिलं, ७० टक्के सूट. साडी तीच, पैसे तेच, फोटो पण तोच. आठवड्यात चाळीस गेल्या. आता तुम्हीच सांगा, चीटिंग मी करतो का?"

मी काही सांगायच्या आत एक बाई दुकानात शिरल्या. त्यांनी गादीवरच्या ढिगातली एक मोरपंखी साडी ओढली, पदर उलटा करून बघितला आणि मोबाइल पुढे केला. "ही बघा, हीच आहे. सत्तर टक्के सूट आहे. तुम्ही किती देता?"

"ताई, साडेसहाशेला घेऊन जा."

"सूट किती?"

"सूट नाही. भावच साडेसहाशे."

"सूट नाही?" बाईंनी साडी खाली ठेवली. "मग ऑनलाइनच बरं."

"ताई, ती ऑनलाइनवाली पण माझीच आहे."

बाई भडकल्या. "तुमचीच आहे? मग तिकडे न बघितलेल्या माणसाला सत्तर टक्के, आणि इथे एवढ्या उन्हातनं आलेल्या गिऱ्हाइकाला शून्य?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग एक उसासा टाकून ते म्हणाले, "तिकडनंच मागवा ताई. तेवढे पाच स्टार द्या."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या ऑर्डर केली. गल्ल्याजवळचा मोबाइल टिंग वाजला. पोऱ्याने गादीवरची तीच मोरपंखी साडी उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, चिठ्ठी चिकटवली.

"झाली ना पॅक? द्या मग, नेतेच," बाई म्हणाल्या.

"अशी नाही देता येत. आता ती भिवंडीला जाणार, गोदामात. तिथून तुमच्याकडे. राहता कुठे?"

"इथेच, मागच्या गल्लीत."

मालकांनी मोबाइलात बघितलं. "गुरुवारी मिळेल. हिंदमाताला पाणी भरलं, तर शुक्रवारी."